तिसऱ्या अध्यायाच्या आधी

ख्रिस्ती श्रद्धा माणसाविषयी काय सांगते, असं कुणी विचारलं की बहुतेकांचं उत्तर बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरू होतं: सर्वांनी पाप केले आहे आणि ते देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत. वचन खरं आहे. मी ते लहानपणी पाठ केलं, आजही मनापासून मानते. पण ‘उणे पडले’ म्हणताना मुळात किती होतं ते आधी सांगायला नको का? ते न सांगता थेट पापावर उडी घेतली की ऐकणाऱ्याच्या पदरात अर्धीच शिकवण पडते. आणि अर्धी शिकवण माणसाला फार इजा करते, हे मी जवळून पाहिलं आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं फौजदारी न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षी, उलटतपासण्या, आरोपींचे जबाब, निकालपत्रं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचा बायबल वर्ग घेत आले, अजूनही घेते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कधी नुसता पुस्तकी राहिला नाही. आठवडाभर माणसं एकमेकांचं काय काय करू शकतात ते उतरवून घ्यायचं, आणि रविवारी मुलांना सांगायचं की तुम्ही देवाच्या प्रतिरूपाचे आहात. ही दोन्ही कामं एकच बाई करत असेल तर त्या दोन गोष्टींचा आपसात मेळ तिला घालता आला पाहिजे. मला तो मेळ सापडला तो बायबलमध्येच, आणि तो पहिल्या अध्यायापासून वाचायला घेतलं तरच सापडतो.

बायबलचं पहिलं पुस्तक म्हणजे उत्पत्ती. त्याच्या पहिल्या अध्यायात प्रकाश, पाणी, झाडं, मासे, पाखरं, जनावरं एकामागून एक होत जातात. देव बोलतो आणि तसं घडतं. माणसापाशी आल्यावर मात्र कथनाची चाल बदलते. देव आधी ठरवतो, जणू स्वतःशी बोलतो: आपल्या प्रतिरूपाचा, आपल्यासारखा मनुष्य आपण निर्माण करू. आणि मग सत्ताविसाव्या वचनात ‘निर्माण’ हा शब्द तीनदा येतो, गाण्याच्या ओळीसारखा, आणि शेवट होतो ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ यावर.

हे ज्या जगात लिहिलं गेलं त्या जगात देवाची प्रतिमा म्हणवून घ्यायचा मान राजाचा होता. मिसरातला तुतनखामुन सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या नावाचाच अर्थ ‘आमुन देवाची जिवंत प्रतिमा’ असा आहे. मेसोपोटेमियातही राजाची स्तुती याच भाषेत होई. राजे दूरच्या प्रांतात आपले पुतळे उभारत, म्हणजे इथे सत्ता कुणाची चालते ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. उत्पत्तीच्या पहिल्या पानाने हा मान राजाच्या डोक्यावरून उचलला आणि माणूस म्हणून जन्माला येणाऱ्या प्रत्येकाला दिला. बाईला दिला. राबणाऱ्याला दिला. ज्याचं नाव कुठल्याच शिलालेखावर येणार नाही त्याला दिला. आणि यासाठी त्या माणसाने काही करून दाखवावं अशी एकही अट त्या वचनात नाही.

मग हे प्रतिरूप नेमकं कशात आहे? यावर ख्रिस्ती विचारवंतांनी शतकानुशतकं लिहिलं आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या बिशपला ते माणसाच्या मनात दिसलं: स्मरण, आकलन आणि इच्छा या तिघांत त्याने त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, छाया पाहिली. काहींनी ते सृष्टीवरच्या अधिकारात पाहिलं, कारण पुढच्याच वाक्यात मासे, पाखरं आणि जनावरं यांच्यावर सत्ता चालवण्याची गोष्ट येते. विसाव्या शतकात स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने नात्यावर भर दिला. नर आणि नारी, मी आणि तू, देव आणि माणूस. प्रत्येकात तथ्य आहे. तरी माझ्या मते प्रतिरूप जर एखाद्या क्षमतेवर टांगलं, तर ती क्षमता नसलेला कुणीतरी बाहेर राहतोच.

वर्गात एका मुलीने हा प्रश्न फार सरळ विचारला होता. तिची आजी आता कुणालाच ओळखत नव्हती, स्वतःचं नावही सांगू शकत नव्हती. “मग आजीतलं प्रतिरूप संपलं का?” असं तिने विचारलं. तिला धीर देण्यापुरतं काहीतरी बोलणं सोपं होतं. पण ती धीर मागत नव्हती, तिला उत्तर हवं होतं. आम्ही तिथेच बायबल उघडून तीन जागा वाचल्या. उत्पत्तीचा पाचवा अध्याय: आदामाला शेथ झाला तो आदामाच्या प्रतिरूपाचा, म्हणजे पतनानंतरही (आदाम-हव्वेने देवाने मना केलेलं फळ खाल्लं, त्यानंतरही) हा वारसा पुढे चालू आहे. नववा अध्याय: जलप्रलयानंतर, माणसाचं मन बालपणापासूनच वाईटाकडे झुकतं हे देवाने स्वतः म्हटल्यानंतर, तोच देव नोहाला सांगतो की माणसाचं रक्त पाडू नका, कारण मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. आणि याकोबाचं पत्र, तिसरा अध्याय: ज्या जिभेने आपण प्रभूचा धन्यवाद करतो त्याच जिभेने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो. याकोब ही ‘माणसं’ निवडून घेत नाही. चांगली माणसं, शुद्धीतली माणसं, विश्वासू माणसं असं काही तो म्हणत नाही. प्रतिरूप देवाने दिलेलं आहे आणि ते देवाच्या देण्यावर टिकून आहे. आजीच्या आठवणीवर टिकून नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं. घरी जाऊन आईला वाचून दाखवलं, असं नंतर कळलं.

चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी नावाचा बिशप होऊन गेला. उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना तो ‘मी दासदासी विकत घेतल्या’ या वाक्यापाशी थांबला आणि गुलामांच्या मालकांवर तुटून पडला. त्याचा सवाल असा: माणूस विकत घेतलास म्हणतोस, किंमत किती मोजलीस? देवाच्या प्रतिरूपाचा भाव काय लावलास? सगळं जग तराजूत टाकलं तरी एका जिवाची बरोबरी होत नाही, मग तुझ्या पावतीवर कुठला आकडा आहे? त्या काळात गुलामगिरी हवेइतकी गृहीत धरली जायची, आणि एवढ्या थेट शब्दांत तिच्या मुळावर घाव घालणारा आवाज प्राचीन जगात फारच विरळा. त्याच्या हातात एकच वचन होतं, उत्पत्ती पहिला अध्याय. पुढच्या ख्रिस्ती राज्यांनी ते ऐकलं असतं तर! १५३७ साली पोप तिसऱ्या पॉलला आदेश काढून सांगावं लागलं की अमेरिकेतले मूळ रहिवासी खरीखुरी माणसं आहेत आणि त्यांचं स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला याच मुद्द्यावर मूळ रहिवाशांची बाजू मांडणारे धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास आणि त्यांच्या विरोधात उभे राहिलेले सेपुल्वेदा यांचा वाद झडला. आपल्याच धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावर जे लिहिलंय त्यावर वाद घालावा लागला, आणि तोवर लाखो माणसं चिरडली गेली होती. हे मी वर्गात लपवत नाही.

आता उत्पत्तीचा तिसरा अध्याय, आदाम आणि हव्वा सापाच्या सांगण्यावरून मना केलेलं फळ खातात तो.

मी जबाब उतरवून घेणारी बाई, त्यामुळे हा अध्याय मला एखाद्या चौकशीच्या कागदासारखा वाचता येतो. देवाचे प्रश्न मोजून चार आहेत. तू कोठे आहेस? तू नग्न आहेस हे तुला कोणी सांगितले? ज्या झाडाचे फळ खाऊ नको म्हणून मी सांगितले त्याचे खाल्लेस काय? आणि स्त्रीला: हे तू काय केलेस? सापाला एकही प्रश्न नाही. त्याला थेट निकाल ऐकवला जातो. प्रश्न फक्त प्रतिरूपाच्या माणसांना विचारले आहेत. ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा असते त्यालाच प्रश्न विचारतात. पतनानंतर देवाने माणसाशी बोललेला पहिला शब्द हा प्रश्न आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याला ठाऊक नव्हतं म्हणून त्याने विचारलं नाही. उत्तर देण्याची लायकी माणसात अजून आहे, असं तो त्या प्रश्नातून सांगत होता.

आणि उत्तरं कशी आली? आदाम म्हणतो: जी स्त्री तू मला सोबतीस दिलीस, तिने त्या झाडाचे फळ मला दिले, आणि मी ते खाल्ले. या एका वाक्यात आधी स्त्रीवर बोट, त्यातच देवावर बोट (‘तू दिलीस’), आणि अगदी शेवटी, दुसरं काही म्हणण्यासारखं उरलं नाही तेव्हा, ‘मी खाल्ले’. हव्वेचंही तसंच: सापाने भुरळ घातली, म्हणून मी खाल्ले. जबाब नोंदवताना ही रचना मी इतक्यांदा ऐकली आहे की माझी बोटं पुढचा भाग आधीच ओळखायची. परिस्थिती आधी येते, मग दुसऱ्याने काय केलं ते येतं, मग भांडण ‘झालं’, वार ‘बसला’, माणूस ‘पडला’. ‘मी मारलं’ हे शेवटी, हळू आवाजात, आणि पुष्कळदा येतच नाही. हे मी गुन्हेगारांना नावं ठेवायला लिहीत नाही. साक्षीदार असेच बोलायचे, वकील असेच बोलायचे, आम्ही कचेरीतली माणसं उशिराची कारणं सांगतानाही असंच बोलायचो. आदामाचा जबाब सगळ्यांच्या तोंडात तयार असतो.

या अध्यायातली मला सर्वांत दुःखद वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. सापाने दाखवलेलं आमिष काय होतं? ‘तुम्ही देवासारखे व्हाल.’ पण ती दोघं देवासारखी केलेलीच होती! पहिल्या अध्यायात ते लिहून ठेवलं आहे. जे दान म्हणून आधीच मिळालं होतं ते चोरून मिळवायला ती निघाली. पहिला अध्याय न वाचता तिसरा वाचला तर हे दिसतच नाही. मग पाप म्हणजे नियम मोडणं, फळ खाणं, हुकूम न पाळणं एवढंच उरतं. देवाने दिलेल्या ओळखीवर विश्वास न ठेवणं, ती स्वतःच्या हाताने आणि देवाला वगळून घडवायला निघणं, ही या पापाची मुळी आहे. मोठेपणासाठी दुसऱ्याला खाली दाबणारा माणूस हेच करतो. आपण कवडीमोल आहोत असं समजून स्वतःची नासाडी करणाराही एका अर्थी हेच करतो, कारण तोही देवाचं म्हणणं खोटं ठरवत असतो.

‘पाप’ हा शब्द तिसऱ्या अध्यायात एकदाही येत नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्यात, आदामाचा मुलगा काईन याला देव सावध करतो तेव्हा: पाप दाराशी टपून आहे, त्याचा रोख तुझ्यावर आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालव. पाप इथे एखाद्या जनावरासारखं दबा धरून बसलं आहे. ते निव्वळ चुकीचं कृत्य राहिलेलं नाही, त्याला स्वतःची भूक आहे. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात याच अनुभवाबद्दल बोलतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि जे वाईट करावंसं वाटत नाही तेच करतो. दारू सोडू पाहणाऱ्याला, जीभ आवरू पाहणाऱ्याला, आईशी धड वागायचं रोज ठरवून रोज तिच्यावर खेकसणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

इथे पेलागियस आणि ऑगस्टीन यांच्या वादाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण मूळ पापाची (माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असतो ही) शिकवण पाश्चात्त्य मंडळीत पक्की झाली ती त्या वादात. पेलागियस हा मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये राहणारा, कडक शिस्तीचा भक्त. ‘तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ तूच दे’ अशा अर्थाची ऑगस्टीनची प्रार्थना त्याला खटकली. त्याचं म्हणणं, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची शक्तीही माणसात आहे. दुबळेपणाच्या नावाखाली लोक सबबी सांगतात. सबबी सांगतात हे मी तरी नाकारणार नाही. पण ऑगस्टीनने माणसाकडे जास्त खोल पाहिलं असं मला वाटतं. ‘कबुलीजबाब’ या पुस्तकात तो सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगतो. टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या झाडाचे नाशपाती पाडले. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती. चाखल्यासारखं केलं आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. नाशपातींसाठी चोरी केलीच नव्हती. चोरीसाठी चोरी केली होती. आणि पुढे तो म्हणतो की एकटा असतो तर केली नसती. पुष्कळांना वाटतं, एवढ्याशा नाशपातींचं इतकं काय ते! मला त्या प्रकरणात फौजदारी न्यायालयातल्या अर्ध्या खटल्यांचं बीज दिसतं: कारण नाही, फायदा नाही, चार जण सोबत आहेत, आणि ‘नको’ म्हटलं आहे एवढ्यासाठीच हात पुढे होतो. शक्ती कमी पडते आणि इच्छाच वाकडी होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्यानं देताना माणसाचं वर्णन ‘स्वतःतच वळलेला’ असं केलं, ते याच वाटेवरचं.

कार्थेजच्या परिषदेने ४१८ साली पेलागियसची मतं नाकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी मात्र ऑगस्टीनचं सगळं उचललं नाही. त्यांच्या शिकवणीत आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळा, बिघडलेला स्वभाव येतो. त्याचा दोष आपल्या खाती जमा होत नाही. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले, तरी हा फरक मला मोलाचा वाटतो, विशेषतः तान्ह्या बाळाविषयी बोलताना. आणि प्रॉटेस्टंटांमधल्या कॅल्विनच्या सुधारणावादी (रिफॉर्म्ड) परंपरेत ‘संपूर्ण भ्रष्टता’ म्हणतात त्याचाही अर्थ बहुतेक लोक उलटा घेतात. प्रत्येक माणूस जितका वाईट होऊ शकतो तितका वाईट आहे, असं ती शिकवण म्हणत नाही. बुद्धी, भावना, इच्छा, शरीर यातला एकही कोपरा पापाच्या स्पर्शाबाहेर राहिलेला नाही, इतकंच ती म्हणते. माझी बुद्धी माझ्या बाजूचे पुरावे किती पटकन गोळा करते हे पाहिलं की ते पटतं.

दोन्ही शिकवणी एकाच जागी बघायच्या असतील तर मी मुलांना दुसरं शमुवेल, अकरावा आणि बारावा अध्याय उघडायला सांगते. दावीद राजा आपल्या सैनिकाची, उरियाची, बायको आणवून घेतो. तिला दिवस राहिल्याचं कळल्यावर उरियाला रणांगणावरून बोलावतो, घरी जा म्हणून आग्रह करतो. आपले सोबती उघड्यावर तळ देऊन असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून तो निष्ठावान माणूस राजवाड्याच्या दारात झोपतो. शेवटी दावीद त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देतो. लढाईच्या धुमश्चक्रीत उरियाला पुढे ठेवा आणि मागे हटा, असं सेनापतीला लिहिलेलं. उरिया मरतो. कागदावर लढाईतला एक मृत्यू.

मग नाथान हा संदेष्टा येतो आणि एक प्रकरण मांडतो. एका गावात दोन माणसं. श्रीमंताकडे कळपच्या कळप. गरिबाकडे विकत घेऊन वाढवलेली एकच मेंढी. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या पेल्यातून प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता त्या गरिबाची मेंढी घेतली. दावीद संतापाने पेटतो. हा माणूस मरणाला पात्र आहे, म्हणतो, आणि मेंढीबद्दल चौपट भरून देईल. चौपट हा आकडाही बरोबर आहे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातल्या नियमशास्त्राप्रमाणेच.

इथे मी मुलांना थांबवते. जे नुकतंच घडलं ते नीट पाहा. या माणसाच्या हाताला रक्त लागलेलं आहे आणि तरी अन्याय ऐकताच तो पेटून उठतो. गरिबाची बाजू त्याला आपोआप कळते, कायदाही मुखोद्गत आहे. पापाने देवाचं प्रतिरूप पुसून टाकलं असतं तर हा संताप आला असता कुठून? आणि पाप वरवरचं असतं, तर दुसऱ्याचा खटला इतका अचूक चालवणाऱ्या या न्यायाधीशाला स्वतःचा खटला दिसला कसा नाही? एकाच छातीत दोन्ही आहेत, एकाच क्षणी. ‘तो मनुष्य तूच आहेस,’ नाथान म्हणतो. आणि दावीदाचं उत्तर: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. स्त्री नाही, साप नाही, युद्ध नाही. आदामाला जे जमलं नाही ते दावीद करतो. त्याचं वाक्य ‘मी’पासून सुरू होतं.

परंपरेने याच प्रसंगाशी जोडलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात मात्र एक ओळ आहे जी मला अनेक वर्षं टोचत होती: तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे. आणि उरियाचं काय? त्या बाईचं काय? न्यायालयात मागच्या बाकावर बसलेल्या विधवा पाहिलेल्या बाईला ही ओळ सहज गिळता येत नाही. मला उत्तर मिळालं ते पुन्हा प्रतिरूपाच्या शिकवणीतच. नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात म्हटलं आहे की जो गरिबाला गांजतो तो त्याच्या निर्माणकर्त्याचा अपमान करतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो, या कनिष्ठांतल्या एकाला तुम्ही जे केलं ते मला केलं. उरियावरचा वार देवापर्यंत पोहोचतो, कारण उरिया कुणाच्या प्रतिरूपाचा होता? ती ओळ उरियाला बाजूला सारते असं मला आता वाटत नाही. त्याच्या जिवाची किंमत किती होती ते ती सांगते. प्रतिरूप काढून घ्या, की पाप ही माणसामाणसांतली देवघेव होते, चुकती करून मिटवण्यासारखी. म्हणून मी म्हणते की पापाची शिकवण प्रतिरूपाच्या शिकवणीवर उभी आहे. माणूस इतका थोर नसता तर त्याचं पाप इतकं भयंकर ठरलं नसतं.

ज्या मुलांना घरात लहानपणापासून ‘तू वाईट आहेस’ एवढंच ऐकवलं जातं त्यांच्यासाठी हा क्रम जिवामरणाचा आहे. मार सोसणाऱ्या मुलीला ‘आपण सगळे पापीच’ असं सांगितलं की ती ते स्वतःच्या माराचं कारण म्हणून ऐकते. तिला आधी कळायला हवं की तिच्यावर उठलेला हात देवाच्या प्रतिरूपावर उठलेला आहे. ४ जुलै १९६५ रोजी अटलांटाच्या एबेनेझर बाप्टिस्ट चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी प्रवचनात सांगितलं की देवाच्या प्रतिरूपात पायऱ्या नसतात. पिढ्यानपिढ्या खालच्या पायरीवर उभं केलेल्या लोकांपुढे ते हे बोलत होते. पापाची भाषा त्यांनीही वापरली, पण ज्यांनी पायऱ्या रचल्या त्यांच्याकडे बोट दाखवून.

बिघडलेलं प्रतिरूप पुन्हा नीट कसं व्हायचं, यावर अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने चौथ्या शतकात दिलेलं उदाहरण मला अजून मागे टाकता आलेलं नाही. फळीवर एखाद्याचं चित्र रंगवलं आहे आणि ते डागांनी खराब झालं. चित्रकार ती फळी फेकून देत नाही. ज्याचं चित्र आहे तो माणूस पुन्हा येऊन समोर बसतो, आणि त्याच फळीवर चित्र नव्याने उतरतं. देवाचा पुत्र माणूस झाला तो असा समोर येऊन बसायला. कलस्सैकरांस पत्र ख्रिस्ताला अदृश्य देवाचं प्रतिरूप म्हणतं, आणि त्याच पत्रात पुढे नवा मनुष्य आपल्या निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे नवा केला जात आहे असं वचन येतं. येशूच्या आयुष्यात मला दिसतं की माणूस कसा असायचा होता: कुष्ठरोग्याला हात लावणारा, सत्तेपुढे न वाकणारा, वधस्तंभावरूनही आईची सोय लावणारा. तारण म्हणजे माणूसपण सोडून दुसरं काही होणं, असं कुणी शिकवलं की मी ही फळी आठवायला सांगते. तीच फळी.

एक प्रश्न माझ्यापुरता अगदी जवळचा आहे. उत्पत्ती नऊ-सहा हेच वचन खुन्याला देहान्त देण्याच्या बाजूने सांगितलं जातं: जो मनुष्याचे रक्त पाडील त्याचे रक्त मनुष्याकडून पाडले जाईल, कारण मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. अनेक ख्रिस्ती लोक ते तसं वाचतात आणि मरणाऱ्याच्या जिवाची किंमत ओळखूनच वाचतात, हे मी मानते. पण मग मारणाऱ्याचं प्रतिरूप कुठे गेलं? भावाच्या खुनाचा आरोप असलेला एक माणूस मला आठवतो. त्याची भावजय साक्षीला उभी होती, पाय लटपटत होते. शेजारच्या शिपायाला तो दबक्या आवाजात म्हणाला, “तिला बसायला द्या.” माझ्या टिपणात ते गेलं नाही, कारण ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढे त्याचा गुन्हा सिद्ध झाला, आणि पुरावा पाहता तो व्हायलाच हवा होता. तरी ते वाक्य त्याचंच होतं.

बायबलमधला पहिला खून भावाने भावाचा केला, काईनाने हाबेलाचा. हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं आहे, असं देव काईनाला सांगतो. गुन्हा झाकला जात नाही, शिक्षाही होते, त्याला भटकत राहावं लागतं. पण कुणी त्याला ठार मारू नये म्हणून देव स्वतः त्याच्यावर खूण करतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅथलिक मंडळीने आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला २२६७ क्रमांकाचा परिच्छेद बदलला. देहान्त शिक्षा मान्य होण्यासारखी नाही, कारण माणसाच्या प्रतिष्ठेवर ती आघात करते, आणि अत्यंत गंभीर गुन्ह्यानंतरही ती प्रतिष्ठा नाहीशी होत नाही, असं आता तिथे म्हटलं आहे. मी त्या मंडळीची नाही, पण या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. आमच्या वर्गातली दोन मुलं अजिबात नाहीत. त्यांचं म्हणणं, मेलेल्याच्या आईने हा परिच्छेद वाचावा असं तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? येत्या रविवारी त्यांनी बोलायचं आहे आणि मी ऐकायचं आहे. काईनाचा अध्याय आणि नोहाचा अध्याय, दोन्ही वाचून यायला सगळ्यांना सांगितलं आहे.